सुपे, ‘असूड’ आणि वादाचे कुंपण

१

एकोणिसाव्या शतकातील मराठी वृत्तपत्रांचा विषय निघाला की त्या काळच्या वादांचे स्मरण ओघानेच येते. आधी राजकीय की आधी सामाजिक, संमतिवयाचा कायदा असावा की नसावा, स्त्रियांना कोणते शिक्षण द्यावे, असे प्रश्न घेऊन तत्कालीन संपादकांनी एकमेकांवर जे शरसंधान केले ते आजही अभ्यासक्रमात आहे. गोपाळ गणेश आगरकर १८८१ पासून ‘केसरी’चे संपादक होते. टिळकांशी असलेले मतभेद विकोपाला गेल्यावर १८८७ मध्ये ते त्या पदावरून दूर झाले आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला. एकाच शाळेत शिकवलेले, एकाच खटल्यात डोंगरीच्या तुरुंगात गेलेले हे दोन मित्र पुढे परस्परांविरुद्ध उभे राहिले, आणि वाचकांनी दोघांनाही वाचले. खुल्या चर्चेचे याहून चांगले उदाहरण मराठीत नाही, असे आपण मानतो. त्या काळी कोणतेही मत हव्या तितक्या तीव्रतेने मांडता येत होते, असा निष्कर्षही आपण त्यावरून काढतो, आणि तो दरवर्षी उत्तरपत्रिकांत उतरतो.

हा निष्कर्ष अर्धा खरा आहे, असे आम्हाला वाटते. वाद तीव्र होता यात शंका नाही. परंतु वादाची तीव्रता आणि वादाची रुंदी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आखाड्यात दोन मल्ल कितीही त्वेषाने झुंजले, तरी आखाडा कोणी आखला आणि आत कोणाला उतरू दिले हा प्रश्न उरतोच. किंबहुना झुंज जितकी रंगते तितका हा प्रश्न प्रेक्षकांच्या मनातून पुसला जातो. दोन परस्परविरोधी मते एकाच पानावर वाचावयास मिळाली की त्या विषयावर संभवणारी सगळीच मते वाचल्याचे समाधान वाचकाला लाभते. हे समाधान किती सार्थ असते, हे तपासण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. आमच्या बारामती तालुक्यातील सुपे हे एक गाव त्यासाठी पुरेसे आहे.

२

सुपे हे नाव मराठी वाचकाला शिवचरित्रातून परिचित असते. शहाजीराजांच्या जहागिरीतील पुणे आणि सुपे ही जोडी शाळेपासून कानावर पडते. त्यानंतरच्या इतिहासात मात्र सुपे एकदाच ठळकपणे येते, ते १२ मे १८७५ या दिवशी. तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील या बाजारपेठेच्या गावात आसपासच्या खेड्यांतील शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या दुकानांवर व घरांवर हल्ला केला. लूट झाली, परंतु जमावाचा खरा रोख होता तो कागदांवर. कर्जरोखे, खते, हुकूमनामे, हिशेबाच्या वह्या ताब्यात घ्यावयाच्या आणि जाळावयाच्या, हे त्या उठावाचे सूत्र होते. सावकाराने कागद निमूटपणे दिले तर त्याच्या अंगाला बहुधा हात लागत नसे. पुढे काही आठवड्यांत हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. इंदापूर आणि शिरूर हे तालुकेही त्यात होते. शिरूर तालुक्यातील करडे या गावी तर त्याआधीच, १८७४ च्या अखेरीस, सावकारावर सामाजिक बहिष्कार घातला गेला होता.

या उठावामागे पन्नास वर्षांचा इतिहास होता, आणि त्याचा एक मोठा भाग आमच्याच परिसरात घडला होता. रयतवारी पद्धतीची मुंबई इलाख्यातील सुधारलेली पाहणी गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३० च्या दशकात सुरू केली ती इंदापूर तालुक्यात. तीस वर्षांची मुदत संपल्यावर फेरआकारणी झाली तीही प्रथम इंदापुरातच, १८६७ साली. आणि सारा मोठ्या प्रमाणात वाढला. मधल्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध (१८६१–६५) पेटल्यामुळे हिंदुस्थानी कापसाला अभूतपूर्व भाव आला होता. सावकारांचे हात सैल झाले, कर्ज सहज मिळू लागले. युद्ध संपताच भाव कोसळले. सावकाराने हात आखडता घेतला आणि जुन्या वसुलीसाठी तो न्यायालयात गेला. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याचे आयुष्य तीन वर्षांवर आणले होते. रयतेच्या हितासाठी केलेला हा कायदा रयतेवरच उलटला, कारण दर तीन वर्षांनी मुद्दल आणि व्याज एकत्र करून नवे खत लिहून घेण्याची रीत पडली. खतावर कुणबी नांगराची निशाणी काढी. कागदात काय लिहिले आहे ते त्याला वाचता येत नसे. न्यायालयाचे समन्स आले तर तेही वाचता येत नसे, आणि पुष्कळदा दाव्याचा निकाल त्याच्या गैरहजेरीतच लागे.

सुप्याच्या जमावाने कागद का जाळले, याचे उत्तर येथे आहे. त्यांना छळणारी सत्ता त्यांच्यासमोर कागदाच्या रूपाने उभी होती, आणि तो कागद वाचण्याची विद्या त्यांच्यापाशी नव्हती.

३

या घटनेवर चर्चा झाली का? भरपूर झाली. सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७८ साली ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवला गेला, आणि १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा झाला. १८७० साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने उठावाच्या आधीपासूनच सारावाढीविरुद्ध आवाज उठवला होता. इंग्रजी आणि देशी वृत्तपत्रांतून मतमतांतरे प्रसिद्ध होत होती. म्हणजे विषय दडपला गेला, असे कोणालाही म्हणता येणार नाही.

पण चर्चेचा आराखडा पाहावा. एका बाजूला सरकारी मत होते, की दोष सावकाराच्या लोभाचा आहे आणि फार तर न्यायालयीन पद्धतीचा. सरकारी सारा हे कारण नव्हे. दुसऱ्या बाजूला पुण्यातील सुशिक्षितांचे मत होते, की दोष सरकारच्या सारावाढीचा आहे. सावकार ही खेड्यातील एक आवश्यक संस्था असून तिला खलनायक ठरवून सरकार स्वतःची सुटका करून घेत आहे. ‘केसरी’नेही पुढे सावकारासंबंधी बहुतांशी हीच दृष्टी ठेवली. सावकार की सरकार, असा हा वाद होता. दोन्ही बाजूंत तथ्य होते आणि दोन्ही बाजूंनी मांडणी करणारे लोक विद्वान होते. न्यायमूर्ती रानड्यांइतका शेतीच्या अर्थकारणाचा अभ्यास त्या काळी थोड्यांनीच केला असेल.

या दोन बाजूंच्या दरम्यान काही प्रश्न मात्र उभेच राहत नव्हते. खत लिहिणारा कोण, वाचून दाखवणारा कोण, कचेरीत अर्ज पुढे सरकवणारा कोण? शेतकऱ्याला अक्षरओळख का नाही? त्याच्या साऱ्यातून आणि लोकल फंडातून उभा राहणारा शिक्षणाचा पैसा कोणाच्या मुलांवर खर्च होतो? हे प्रश्न सरकारला अडचणीचे होते, कारण त्यातून त्याच्या नोकरशाहीकडे बोट जात होते. ते पुण्यातील सुशिक्षितांनाही अडचणीचे होते, कारण ती नोकरशाही बहुतांशी त्यांच्याच घरांतून आलेली होती. दोन प्रतिस्पर्धी ज्या मुद्द्यावर गप्प असतात तो मुद्दा वादाबाहेर राहतो. त्याला बाहेर ठेवण्यासाठी कट करावा लागत नाही.

उठावाच्या तपशिलातही याचे एक प्रत्यंतर आहे. हल्ले झाले ते जवळजवळ सर्वस्वी मारवाडी आणि गुजर सावकारांवर. ज्या गावांत ब्राह्मण वा अन्य जातींचे सावकारही होते तेथे ते बहुधा वाचले. त्यामुळे ‘परका सावकार विरुद्ध गावचा कुणबी’ असे चित्र रूढ झाले. हे चित्र सोपे होते आणि कोणत्याही स्थानिक वाचकाला टोचणारे नव्हते. नावाचाही प्रश्न आहेच. इंग्रजी दप्तरात या घटनेला ‘दंगे’ म्हटले गेले आणि आपणही कित्येक वर्षे ‘दख्खनचे दंगे’ हेच नाव वापरीत आलो. पुढे कोणी त्याला ‘उठाव’ म्हटले, कोणी ‘बंड’. १९७२ मध्ये नील चार्ल्सवर्थ या इतिहासकाराने एक लेख लिहून या दंग्यांचे महत्त्व फुगवले गेले असल्याचे प्रतिपादन केले. दंगा मोठा की छोटा, हा वाद अभ्यासकांनी जरूर करावा. पण सुप्याच्या माणसांनी आपल्या कृतीला कोणता शब्द वापरला असेल, हे विचारण्याची पाळी या साऱ्या चर्चेत फारशी कोणावर आलेली दिसत नाही. आयोगाने रयतेच्या काही जबान्या नोंदवल्या, हे खरे. पण त्यामुळे भीमथडीच्या कुणब्याचा शब्द छापील पानावर पोहोचला तो सरकारी चौकशीतून आणि इंग्रजी अहवालाच्या पुरवण्यांतून. मराठी निबंधाच्या सुवर्णकाळातील ही गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

सुवर्णकाळ आम्ही उपरोधाने म्हणत नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ मध्ये सुरू झाली आणि सात वर्षे चालली. सुप्याचा उठाव, आयोग, दुष्काळ आणि कायदा हे सारे त्याच सात वर्षांतले. मराठी गद्याला ‘माले’ने जो जोम दिला तो नाकारण्याचे कारण नाही. त्या ‘माले’त बारामती येते ती मोरोपंतांच्या रूपाने. चिपळूणकरांनी मोरोपंतांच्या कवितेवर विस्ताराने लिहिले आणि या कवीची प्रतिष्ठा नव्या शिक्षितांत दृढ केली. मोरोपंत (१७२९–१७९४) बारामतीस राहिले ते नाईक घराण्याच्या आश्रयाने. आणि हे नाईक पेशव्यांचे सोयरे व सावकार होते. यात मोरोपंतांचा वा चिपळूणकरांचा काही अपराध नाही. आम्हाला एवढेच दिसते की बारामतीच्या पंचक्रोशीतून एक गोष्ट साहित्य म्हणून वर गेली आणि दुसरी फौजदारी प्रकरण म्हणून दप्तरात गेली. साहित्य कोणते आणि प्रकरण कोणते, ही वाटणीही कुंपणाचाच एक भाग असते.

४

जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला तो १८८३ मध्ये, म्हणजे सुप्याच्या उठावानंतर आठ वर्षांनी. या ग्रंथाचे वैशिष्ट्य हे की तो ‘सावकार की सरकार’ या आराखड्यात बसत नाही. सावकारावर त्यात कोरडे आहेत, साऱ्यावर आहेत, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या ऐषआरामावर आणि मोठ्या पगारांवरही आहेत. पण ग्रंथाचा कणा आहे तो कचेरीचा. गोरा साहेब निष्काळजी आणि त्याच्या हाताखालचा लेखणीबहाद्दर कारकून धूर्त. या दोघांच्या मध्ये शेतकरी चिरडला जातो, आणि त्याचे मूळ त्याला विद्येपासून दूर ठेवण्यात आहे, अशी फुल्यांची मांडणी आहे. ती करून ते थांबत नाहीत. ताली आणि बंधारे घालावेत, तळी बांधावीत, जनावरांची पैदास सुधारावी, शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवावे, असे व्यवहारी उपायही ते सुचवतात. वर जे प्रश्न उभे राहत नव्हते असे आम्ही म्हटले, ते येथे एकामागून एक उभे राहिलेले आहेत.

हा ग्रंथ छापणार कोण? प्रस्थापित वृत्तपत्रांचा प्रश्नच नव्हता. परंतु सत्यशोधकांचे स्वतःचे पत्र होते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ च्या आरंभी पुण्यात ‘दीनबंधू’ काढला होता. आर्थिक ओढाताणीमुळे तो बंद पडल्यावर नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८० पासून तो मुंबईतून चालवला. याच ‘दीनबंधू’त ‘असूडा’चे पहिले दोन भाग प्रसिद्ध झाले. आणि छपाई तेथेच थांबली. पुढचे भाग लोखंड्यांनी छापले नाहीत. फुल्यांना हा भ्याडपणा वाटला आणि आपल्याच लोकांतील छापखानेवाल्यांवरचा राग त्यांनी लिहून ठेवला. फुल्यांच्या हयातीत हा संपूर्ण ग्रंथ छापून निघाला नाही.

हा प्रसंग आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. प्रस्थापित पत्रे आतल्यांची आणि विरोधी पत्रे बाहेरच्यांची, अशी सरळ विभागणी करून मोकळे होण्याची सवय आपल्याला आहे. ‘असूडा’चा इतिहास ती मोडतो. लोखंडे हे काही बोटचेपे गृहस्थ नव्हते. मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित करणारा, त्यांच्या सुटीसाठी आणि कामाच्या तासांसाठी झगडणारा हा माणूस. तरीही त्यांचा हात थांबला. त्यामागची परिस्थिती लक्षात घ्यावी. लिटनचा १८७८ चा देशी वृत्तपत्रांचा कायदा रिपनच्या काळात नुकताच रद्द झाला होता. पण राजद्रोहाचे १२४-अ हे कलम १८७० पासून दंडविधानात होतेच. कोल्हापूरच्या बर्वे प्रकरणात टिळक-आगरकरांना १८८२ मध्ये १०१ दिवस तुरुंगात काढावे लागले होते. तो खटला अब्रुनुकसानीचा होता, पण संपादकाच्या खुर्चीखाली तुरुंग असतो हे त्यातून सर्वांना दिसले होते. (त्या खटल्यात टिळक-आगरकरांच्या जामिनासाठी दहा हजारांची हमी दिली ती फुल्यांच्या शब्दाखातर सत्यशोधक रामशेठ उरवणे यांनी, हेही येथे नोंदवले पाहिजे. माणुसकीचा व्यवहार कुंपण ओलांडून होत होता. अडत होते ते विचार.) वर्गणीदार तुटपुंजे, छापखाना कर्जावर, आणि हातात गोऱ्या नोकरशाहीवर कोरडे ओढणारे हस्तलिखित. अशा वेळी संपादक स्वतःलाच विचारतो, की एवढ्यासाठी पत्र बुडवावे काय?

येथे कोणी बंदी घातलेली नाही. कोणी जप्तीचा हुकूम काढलेला नाही. कुंपण संपादकाच्या मनात उगवले आहे, आणि ते उगवले आहे एका सज्जन, शूर आणि समविचारी संपादकाच्या मनात. मुख्य प्रवाहातील स्वीकारार्ह मतांचा पट्टा कसा ठरतो, याचे उत्तर शोधताना आपण नेहमी दुष्ट मालक आणि जुलमी सरकार यांच्याकडे पाहतो. दोन्ही असतात. पण पट्ट्याची खरी कड ठरते ती चांगल्या माणसांच्या सावधपणाने. काय लिहिले तर वर्गणीदार तुटेल, काय लिहिले तर साहेब बोलावून घेईल, याचा अंदाज बांधून ते त्या रेषेच्या दोन पावले अलीकडेच थांबतात. मग रेषाही दोन पावले अलीकडे सरकते.

‘असूड’ मात्र थांबला नाही. छापखाना बंद झाल्यावर फुल्यांनी तो वाचून दाखवला. ग्रंथ तयार होत असतानाच पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणच्या लोकांनी तो त्यांच्याकडून वाचून घेतला होता. बडोद्याचे सयाजीराव महाराजही त्याच्या श्रोत्यांत होते. ज्या वर्गासाठी ग्रंथ लिहिला त्याला वाचता येत नव्हते, म्हणून तो कानांनी पोहोचवला गेला. ‘असूडा’च्या भाषेत बोलण्याची जी लय आहे, वाक्ये श्वास घेत घेत लांबत जातात, मध्येच श्रोत्याला हाक मारतात, तिचा उगम या वाचनात आहे असे आम्हाला वाटते. छापील पानाने नाकारलेला मजकूर आवाजात राहिला, आणि त्या आवाजाने त्याची शैली घडवली. शैलीविचार शिकवताना ही बाब ध्यानात घ्यावयास हवी.

५

कुंपणे तीन प्रकारची होती, असे यावरून म्हणता येईल. पहिले कायद्याचे, ते दिसते आणि त्याच्याविरुद्ध लढता येते. दुसरे वर्गणीदाराचे, ते अर्धवट दिसते. सावकार, वकील, इनामदार, शिक्षक आणि सरकारी नोकर हे ज्या पत्राचे वाचक, त्या पत्राने या सर्वांना एकाच वेळी दुखवावे ही अपेक्षाच अवघड. तिसरे कुंपण भाषेचे. ते मुळीच दिसत नाही, कारण ते आपण गुणवत्तेच्या नावाने घातलेले असते.

चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त फुल्यांच्या लेखनाचा समाचार घेतला तेव्हा त्यांच्या व्याकरणाची आणि शुद्धलेखनाची यथेच्छ टर उडवली. ते परीक्षण वाचकांनी काढून अवश्य वाचावे. त्यात विनोद आहे, तल्लखपणा आहे. पण या माणसाला लिहिता येत नाही हे एकदा ठरले, की तो काय म्हणतो आहे याचे उत्तर देण्याची जबाबदारी संपते. एखादे मत खोडून काढण्यापेक्षा ते ज्या भाषेत आले ती हास्यास्पद ठरवणे नेहमीच सोपे असते. त्यासाठी कायदा लागत नाही आणि वर्गणीदारही खूश होतो.

फुल्यांना हे नेमके कळले होते. १८८५ साली पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरली; आजच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनांच्या मालिकेत ती दुसरी गणली जाते. रानड्यांनी फुल्यांना सन्मानपूर्वक निमंत्रण दिले. फुल्यांनी ते नाकारले आणि नकाराची कारणे सांगणारे पत्र पाठवले. ज्यांच्या ग्रंथांतून आणि आचरणातून आमचे माणूस म्हणून हक्कच मान्य होत नाहीत त्यांच्या सभेत आमच्या लेखनाचा मेळ बसणार नाही, असा त्याचा आशय होता. हे पत्र छापले गेले ते ‘ज्ञानोदय’ या मिशनऱ्यांच्या पत्रात. त्याच वर्षी शेतकऱ्यांच्या स्थितीविषयी रानड्यांनी व्यक्त केलेल्या मताला उत्तर म्हणून फुल्यांनी ‘इशारा’ ही पुस्तिका काढली. म्हणजे दार उघडून आत बोलावले गेले होते, हे मान्य केले पाहिजे. आणि रानड्यांचा मोठेपणाही मान्य केला पाहिजे. पण आत कोणत्या अटींवर बसावयाचे, हे बोलावणाऱ्यानेच ठरवले असेल तर निमंत्रणाने चर्चा खुली होत नाही. निमंत्रण नाकारणे हेही कधी कधी चर्चेतले एक विधान असते.

पस्तीस वर्षांनी हेच पुन्हा घडलेले दिसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले. पहिल्याच अंकात त्यांनी, असलेली पत्रे विशिष्ट जातींचे हित पाहणारी असल्याने बहिष्कृतांना स्वतंत्र पत्राची गरज का आहे, हे स्पष्ट केले. या नव्या पत्राची जाहिरात, तीही पैसे देऊन, छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला होता. बाबासाहेबांनी पुढे याचा उल्लेख केला आहे. येथे व्याकरणाची सबब नव्हती. मजकूर संपादकीय नव्हता, विकत घेतलेल्या जागेचा होता. ‘असे एक पत्र निघाले आहे’ एवढी वार्तादेखील स्वीकारार्ह पट्ट्यात बसली नाही. आणि हा तोच ‘केसरी’, ज्याचे ‘सुधारक’शी झालेले वाद आपण खुल्या चर्चेचा आदर्श म्हणून शिकवतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीचा आधार घेऊन दुसरी झाकू नये.

६

हा इतिहास आज कशासाठी उगाळावयाचा, असे कोणी विचारील. फुल्यांचे वाङ्मय आता शासनच प्रकाशित करते. डिसेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्र शासनाने जाहीर केलेल्या शेतकरी कर्जमुक्ती योजनेला महात्मा जोतीराव फुले यांचेच नाव आहे. ज्याचा शेतकऱ्यांवरील ग्रंथ त्याच्या हयातीत पूर्ण छापला गेला नाही त्याचे नाव शासकीय योजनेच्या मथळ्यावर यावे, हे परिवर्तन लहान नव्हे.

पण कर्जमाफीची चर्चा ज्यांनी वृत्तपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर ऐकली आहे त्यांना तिचा आराखडा ओळखीचा वाटेल. एक पक्ष म्हणतो, माफी द्या. दुसरा म्हणतो, माफीने पतशिस्त बिघडते. दोघे तावातावाने बोलतात, निवेदक दोघांना समान वेळ देतो, आणि चर्चा समतोल झाली असे मानले जाते. कर्ज होतेच का, पिकाचा भाव कोण ठरवतो, निर्यातबंदी कोणाच्या सोयीने लागते, ज्याच्या नावावर सात-बाराच नाही त्या शेतमजुराचे आणि शेतात राबणाऱ्या बाईचे काय, हे प्रश्न दोन्ही खुर्च्यांच्या मधल्या जागेत पडून राहतात. चाकणच्या कांदा आंदोलनातून पुढे आलेल्या शरद जोशींनी ‘शेतमालाला रास्त भाव’ हा प्रश्न ऐरणीवर आणला, तेव्हा त्यांनाही ‘वारकरी’ हे आपले साप्ताहिक काढावे लागले होते. त्याच जोशींनी ‘असूडा’ला शंभर वर्षे झाल्याच्या निमित्ताने फुल्यांना मुजरा करणारे विवेचन लिहिले, हा योगायोग आम्ही मानत नाही. कुंपणाबाहेरच्या लेखकांची एक परंपरा असते आणि ते एकमेकांना ओळखतात.

साहित्याच्या शिक्षकांनी या प्रकरणात आपली जागा ओळखावी, एवढेच आमचे सांगणे आहे. कायद्याचे कुंपण आपल्या हाती नाही, वर्गणीदाराचेही नाही. तिसरे मात्र आपल्याच हाती आहे. बारामती-इंदापूरच्या महाविद्यालयांतून आज जी मुले मराठी घेऊन एम.ए. होतात त्यांतील अनेकांचे पणजोबा-खापरपणजोबा नांगराची निशाणी काढणाऱ्यांपैकी असतील. त्यांच्या वह्यांतील ‘न’ आणि ‘ण’ आपण लाल शाईने दुरुस्त करतो, आणि करावयास हवेच. पण दुरुस्ती झाल्यावर वाक्य काय म्हणते आहे, तेही वाचावयास हवे. नाहीतर आपण ‘निबंधमाले’तील त्या परीक्षणाचीच नवी आवृत्ती काढत राहू, फक्त तिच्यात विनोद नसेल.

अभ्यासक्रमापुरते एक लहानसे काम सुचवावेसे वाटते. ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ यांचे उतारे शेजारी शेजारी ठेवून शिकवण्याची पद्धत उत्तम आहे, ती सोडू नये. त्यांच्याबरोबर ‘असूडा’चे एक प्रकरण आणि सुप्याच्या आयोगापुढील एखादी जबानी ठेवावी. विद्यार्थ्यांना ‘कोणाची बाजू बरोबर?’ एवढेच न विचारता ‘यांपैकी कोणाला कोणाशी वाद घालता येत होता?’ असेही विचारावे. भालेकरांची ‘बळीबा पाटील’ ही दुष्काळावरील कादंबरी ‘दीनबंधू’तून क्रमशः आली, ग्रामीण कादंबरीचा आरंभ शोधणाऱ्यांनी ती आधी त्या पत्राच्या संदर्भात वाचावी. वृत्तपत्रांच्या जुन्या फायली चाळताना पानावर जे वाद रंगले आहेत त्यांची टिपणे आपण घेतोच. त्या तारखांना भीमथडीत काय चालले होते, हे समासात लिहून ठेवण्याची सवय लागली, तर पुढच्या पिढीच्या उत्तरपत्रिकेतील तो अर्धा खरा निष्कर्ष थोडा अधिक खरा होईल.